दुपारी सांगा, बाई

बाई,

तेरवीला आलेली मंडळी गेली. तुमची लेक काल दुपारच्या पॅसेंजरने सासरी गेली. गाडीत बसेपर्यंत तिनं धीर धरला, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून माझा हात सोडेना. मागून आणलेली मोठी पातेली शेजारच्या गंगाबाईंनी ज्यांची त्यांना पोचवली. आता घरात आम्ही चौघं. मी, हे, आमची नंदा आणि तुमचे मालक.

मी फार थकले आहे. रडून नव्हे, रडायला सवड कुठं होती? तेरा दिवस आल्यागेल्याला तीच हकीकत सांगून थकले. ‘सकाळी चांगल्या होत्या का?’ ‘हो, चांगल्या होत्या.’ ‘काही बोलल्या का?’ ‘नाही, काही बोलल्या नाहीत.’ प्रत्येकीनं हेच दोन प्रश्न विचारले आणि प्रत्येकीला मी हीच दोन उत्तरं दिली. त्यातलं पहिलं उत्तर चुकीचं होतं, ते मला आज सकाळी कळलं. दुसरं बरोबर होतं, आणि तेच मला चौदा दिवस आतून कुरतडतं आहे. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. रोहिणखेडहून तुमच्या भावाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची. हेही मी वाचून दाखवते आहे असंच समजा. वेळही आपली नेहमीचीच आहे, दुपारची. जेवणं झाली आहेत, नंदा झोपली आहे.

आपल्या जावाजावांच्या सुरुवातीच्या सकाळी आठवतात का तुम्हाला? महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी इथं मलकापूरला मुलींच्या शाळेत लागले. तुम्ही म्हणाला होतात, “राज्य बदललं म्हन्तात, चूल काई बदलली नाई.” शाळेची इमारत एकच, दुपारी तीत मुलं बसायची, म्हणून मुलींची शाळा सकाळची. साडेसातला घंटा. शाळा रेल्वेलाइनीच्या पलीकडे, आपलं घर अलीकडे. सातनंतर मेलगाडीसाठी फाटक पडायचं, आणि मागोमाग एखादी मालगाडी आली की पडलेलंच राहायचं. म्हणजे सातच्या ठोक्याला मी उंबऱ्याबाहेर पाहिजे. आणि उंबऱ्याच्या आत काय चाललेलं असे? बंबात ओली लाकडं, नुसता धूर. नळाला पाणी आलं की घागरी घेऊन पळा. ह्यांचा कचेरीत जायचा सदरा सापडत नाही. नंदा तेव्हा तान्ही, ती माझ्या कडेवरून उतरायला तयार नाही. तुमचे मालक शेतावर निघायचे, त्यांची शिदोरी बांधायची.

आणि ह्या सगळ्यावर तुमचा आवाज. हे म्हणायचे, वहिनी चुलीपुढून बोलल्या तरी रोहिणखेडच्या मशिदीत ऐकू जाईल. तेल संपलं, गवळ्यानं आज पाणीच ओतलं, गंगाबाईच्या सुनेला दिवस गेले, मागच्या भिंतीचा पोपडा पडला, मोताळ्याची आत्या येणार आहे. सगळ्या बातम्या मी निऱ्या घालत असतानाच. एकदा एक चप्पल माझी आणि एक तुमची घालून मी शाळेत गेले. तुमचा पाय माझ्याहून दोन बोटं मोठा. सबंध शाळाभर फरफटत चालले आणि मुलींना वाटलं बाईंचा पाय मुरगळला.

हसण्यावारी गेलं तेवढं गेलं. पण मग तो दिवस आला. सकाळी तुमचं-माझं काहीतरी वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक नंदाच्या दुधावरून. मी तरातरा शाळेत गेले. दुसऱ्या तासाला एक मुलगी उशिरा आली, दारात उभी राहिली, आणि मी काही न विचारता तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही. गालावर हात धरून एवढंच म्हणाली, “बाई, फाटक पडलं होतं.”

दुपारी मी जेवले नाही. तुम्ही ताट पुढं सरकवलंत, मी मागं सरकवलं. “काऊन वं, काय झालं?” तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, जाऊ दे, पोरींना मार लागतोच. तुम्ही म्हणालात, “त्या लेकराले काऊन मारलं? मले मारायचं होतं तर मले मारतीस.” आणि मी ताटावर बसून ढसाढसा रडले. म्हणाले, मला ही नोकरी नको, सकाळी माझ्या कानाशी कुणी एक अक्षर जरी बोललं तरी माझं डोकं फिरतं.

मी रागात बोलले होते. कायदा केला तो तुम्ही. सांजेला सगळे ओट्यावर असताना तुम्ही कमरेला पदर खोचून जाहीर केलंत, “उद्यापासून पहाटच्या चहापासून मास्तरीणबाई फाटकापार होईस्तोवर ह्या घरात कोणी बोलायचं नाई. जे सांगायचं थे दुपारी.” हे हसले. म्हणाले, “वहिनी, घर आहे का कचेरी?” तुम्ही म्हणालात, “कचेरीत तरी बोलल्याबिगर कुठं काम होते?” तुमचे मालक काही बोलले नाहीत. ते कधीच फारसं बोलत नसत. पण दुसऱ्या दिवशी बैलांनासुद्धा त्यांनी हाकारा दिला नाही, नुसती शेपटी पिळली.

आणि बाई, त्या सकाळी काय सुंदर होऊ लागल्या! कसं जमवलंत ते मला आजही नीट कळत नाही. संध्याकाळीच माझं पातळ घडी घालून दोरीवर, पेनात शाई, वह्यांचा गठ्ठा दाराशी. चपला बाहेर तोंड करून ठेवलेल्या, पाय घातला की चालू पडायचं. सुकी लाकडं बंबाखाली रचलेली. चहा झाला की तुम्ही वाटीवर चमचा एकदा वाजवायच्या, भाकरी झाली की दोनदा. नंदा मोठी झाली तशी तिची वेणीसुद्धा मुक्यानं व्हायची. वेणीला एक हिसका म्हणजे मान सरळ कर, दोन हिसके म्हणजे झालं, ऊठ. चुलीतल्या लाकडाचा आवाज, तव्यावरची भाकरी, नळाचं पाणी, आणि हंगाम असला तर कापसाच्या जिनाचा भोंगा, एवढंच ऐकू यायचं. मी सातला पाच कमी असतानाच तयार होऊन नुसती बसलेली असायची. मास्तरणींच्या खोलीत बाकीच्या धापा टाकत यायच्या आणि मी पाणी पीत बसलेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, तुमच्या घरी काय जादू आहे? मी म्हणाले, मला मोठी जाऊ आहे. त्यांना ते उत्तर वाटलं नाही.

तुमचे ते मामा आले होते ते आठवतं? पहाटेच्या गाडीतून उतरून दारात आले, “राम राम मंडळी” म्हणाले, आणि मंडळी गप्प. तुम्ही हातानं बसा म्हणालात, चहा पुढं ठेवलात, वाटी वाजवलीत. मामांनी चहा तसाच ठेवला. म्हणाले, “काऊन बे, घरात कोणी मेलं काय?” तरी तुम्ही तोंड उघडलं नाही, पण हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबलात. मी उंबऱ्याबाहेर पडले आणि फाटकापर्यंत मला तुमचं मागून फुटलेलं हसणं ऐकू येत होतं. ते मामा परत कधी सकाळी आले नाहीत.

तुमच्यासारख्या बोलक्या बाईला हे किती जड गेलं असेल, याचा विचार मी कधी केला नाही. खरंच केला नाही. तुम्ही त्यावर तोडगा काढला होतात तोही मला गंमतच वाटली. सकाळी जे जे सांगावंसं वाटेल त्याची तुम्ही पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. दुपारी मी साडेबाराला घरी आले, जेवले, की तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या आणि पदर मांडीवर घेऊन एकेक गाठ सोडायच्या. “ही दळणाची. गहू सरले.” सोडली. “ही गंगाबाईची. सुनेले पोरगी झाली.” सोडली. कधी एखादी गाठ हातात धरून तुम्ही वर बघत राहायच्या. “आता ही कायची होती वं?” मग मी नावं घ्यायची, साखर, शेण, गवळी, आत्या, आणि तुम्ही मान हलवत राहायच्या. शेवटी म्हणायच्या, “जाऊ दे, मतलबाची असती तर आठवली असती.” आणि सोडून टाकायच्या. बाई, माझ्या दिवसातली ती सगळ्यांत चांगली वेळ होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला काय लागलं असतं?

आपला एक वाद मात्र मिटला नाही. तुम्हाला रविवारी तरी बोलायचं होतं. मी म्हणायची, एक दिवस मोडलं की सगळेच दिवस मोडतात, सवय ती सवय. तुम्ही म्हणालात, “आमच्या रोहिणखेडले पहाटे बाया ह्या ओट्यावरून त्या ओट्यावर बोलतात. सडा टाकता टाकता बोलतात. पहाटचं बोलणं खरं असते. दुपारी माणूस मोजूनमापून बोलते.” मी मास्तरीण. मी म्हणाले, “मोजूनमापूनच बोलावं माणसानं.” तुम्ही म्हणालात, “बोलणाराची बोरं इकतात, मुक्याचे गहू बी पडून राह्यतात.” मी म्हणाले, “आपल्याला कुठं बाजार मांडायचा आहे?” तुम्ही उठून गेलात. नऊ वर्षांत तीन-चारदा तरी हे झालं असेल, आणि दर वेळी जिंकले मीच. जिंकल्यावर मला बरंही वाटायचं. आता तो रविवार आला आणि गेला, आणि घरात तिन्हीत्रिकाळ सुतकी शांतता होती, आणि मला कळेना की ह्यात जिंकायचं काय होतं.

आता त्या दिवसाचं.

मी उठले तेव्हा तुम्ही चुलीपुढं होतात. चहा झाला, वाटी वाजली. माझ्या लक्षात आलं का, की तुम्ही स्वतः चहा घेतला नाहीत? आलं होतं. वाटलं, नंतर घेतील. भाकरीची वाटी वाजली ती एकदाच, दोनदा नाही. तेही लक्षात आलं. तुमची चूक झाली म्हणून मी मनात हसलेसुद्धा. बघा, सगळं दिसत होतं मला. मी काही आंधळी नव्हते, घाईत होते.

सात वाजता मी चपला घातल्या. नंदाच्या वर्गाला त्या दिवशी सुट्टी होती, ती झोपली होती. तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात. तुम्ही सहसा येत नसायच्या. एक हात चौकटीवर ठेवलात आणि तोंड उघडलंत. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली, आणि मी हात वर केला. असा, वर्गात मुलींना गप्प करायला करते तसा. म्हणाले, “दुपारी सांगा, बाई.”

तुम्ही तोंड मिटलंत. मान डोलावलीत. पदराचं टोक हातात घेतलंत.

मी पळत सुटले. आणि फाटक उघडं होतं, बाई. ती शिट्टी स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीची असेल, नाहीतर माझ्या डोक्यातली. मी शाळेत दहा मिनिटं आधी पोचले. खुर्चीत बसून खडू निवडत होते. दहा मिनिटं मी खडू निवडत होते.

दहाच्या सुमारास गंगाबाईंचा पुतण्या सायकलवर शाळेत आला. मी घरी आले तेव्हा ओट्यावर बायका जमल्या होत्या. डाळ निवडता निवडता सुपावरच वाकलात म्हणे. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय, म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले. ह्यांना कचेरीतून बोलावलं होतं, तुमच्या मालकांना आणायला शेतावर माणूस गेला होता. नंदाला कुणीतरी आपल्या घरी नेलं होतं.

मग आंघोळ घालायला तुम्हाला उचललं. लुगडं सोडताना गंगाबाईंच्या हाताला पदराची गाठ लागली. त्या म्हणाल्या, “काय बांधलं वं हिनं? सुपारी असंल.” मी न्हाणीत पाणी ओतत होते. मी ओरडले, “सोडू नका!” तांब्या हातातून पडला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पण गंगाबाईंची बोटं चपळ, गाठ सुटली होती. आत काही नव्हतं. “काईच नाई,” त्या म्हणाल्या आणि लुगडं बाजूला टाकलं. त्यांचं काय चुकलं? त्यांना काय माहीत की तुमच्या गाठींत कधीच काही नसायचं.

त्या दिवसापासून मी नावं घेते आहे. भाजी निवडताना, ताटं वाढताना, तुमच्या भावाच्या गळ्यात पडून तुमची लेक रडत असताना. साखर, शेण, गवळी, आत्या. तुम्ही असतात तर मान हलवली असती. कधी वाटतं, काही नसेल, दळण संपलं असेल. मी डबे उघडून पाहिले. दळण होतं. तेल होतं. साखर होती. आत्याचं पत्र आलं नव्हतं. बाई, मी घरातला एकेक जिन्नस तपासला, तो असलेला बघून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं तुम्हाला नेताना वाटलं नव्हतं.

आता आज सकाळचं सांगते, आणि त्यासाठी तुमच्या मालकांचं सांगायला हवं. तुम्हाला काय सांगायचं, पण मला स्वतःलाच एकदा नीट मांडून बघायचं आहे. ते माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आपल्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही. लग्न होऊन सोळा वर्षं झाली. वर्गात चाळीस मुलींपुढं बडबड करणारी मी, त्यांच्यापुढं कपाळापर्यंत पदर ओढून मुकी. जे काही बोलायचं ते तुमच्यामार्फत. ते ओट्यावर, मी आत, तुम्ही मधल्या दारात. ते म्हणायचे, “मास्तरीणबाईले इचार, सुट्टी कवा लागते.” मला ऐकू आलेलं असायचं, तरी तुम्ही वळून विचारायच्या. मी सांगायची, त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी तुम्ही वळून सांगायच्या. आणि मधे हात मारायच्या! एकदा ते म्हणाले, “भाजीत मीठच नाई.” तुम्ही माझ्याकडे तोंड करून म्हणालात, “भाजी मस्त झाली म्हन्तात.” आणि आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. तेव्हा ओट्यावरून जो आवाज आला, तो त्यांच्या हसण्याचा होता हे मला पुढं कितीतरी दिवसांनी समजलं.

तुम्ही गेलात आणि मधलं दार रिकामं झालं. तेरा दिवस त्यांचं पाणी, त्यांचं ताट मी उंबऱ्यापाशी ठेवत होते आणि आत येत होते. ते जेवले की नाही हे ताट बघून कळायचं. बहुतेक वेळा नाहीच.

आज माझी शाळा पुन्हा सुरू व्हायची होती. पहाटे उठले. बंब पेटवला. चहा केला. घरात कुणी बोलत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळे नियम पाळत होते. नंदानं आपली वेणी आपण घातली, वाकडीतिकडी, आणि दाराशी गुपचूप उभी राहिली. तिला मी बाजूच्या मुलींबरोबर पुढं पाठवून दिलं. हे नळावर गेले. मी चहाची वाटी ओट्याच्या उंबऱ्याशी ठेवली आणि सवयीनं चमचा एकदा वाजवला. तुमचे मालक खांबाला टेकून बसले होते. अजून बैल सोडले नव्हते. त्यांनी चहाकडे पाहिलं नाही. मी चपला घातल्या. सात वाजले होते. मी ओट्यावरून उतरले.

“सांगा त्याईले,” ते म्हणाले.

मी थांबले. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. ते खांबाकडे बघून बोलत होते, जणू आता तुमच्या जागी मधे खांबच होता.

“सांगा त्याईले, का तिले पहाटपासूनच दुखून राह्यलं होतं. छातीत. मले म्हणे, घाबरा नोका. मास्तरीणबाईले सांगते, थे मले डाक्तरकडे नेईल. म्या म्हटलं, सांग मंग.”

हातातला वह्यांचा गठ्ठा मी ओट्यावर ठेवला.

“म्या अठीच होतो. जू बांधून राह्यलो होतो. तुम्ही हात वर केला, थो म्या पाह्यला. ती गुमान घरात गेली. मले बोलता येत नव्हतं काय? एवढं तोंड देलं देवानं. पण सोळा साल नाई बोललो तुमच्याशी, मंग तवा कसा बोलू? म्या बैल हाकलले अन् वावरात निघून गेलो.”

बाई, इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही मधे नव्हतात, म्हणून त्यातलं काही मऊ झालं नाही. जसं होतं तसं माझ्यापर्यंत आलं. मला वाटत होतं की माझा तो हात फक्त मी पाहिला आहे. चौदा दिवस मी एकटीच तो घेऊन फिरते आहे. आणि तिकडे ओट्यावर हा माणूस तोच हात आणि वर आपलं न बोलणं, दोन्ही घेऊन बसला होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. तुमच्या लेकीलाही नाही. लेकीनं मला दोन शब्द सुनवावेत इतकंही त्यांनी होऊ दिलं नाही.

तुमच्यावर रागही आला, हे लपवत नाही. कोणी पाहिलंय, तुम्ही तेव्हा मला ढकलून उंबऱ्यात बसवलं असतंत, “मेला तुझा नियम” म्हणाला असतात, तर मी थांबले असते. थांबले असते ना? तुमच्या तोंडून आलेला कायदा तुम्हीच मोडायला हवा होता. पण तो तुम्ही माझ्यासाठी केला होता आणि तुम्हाला माझी सकाळ बिघडवायची नव्हती. छातीत दुखत असतानाही तुम्हाला माझी सकाळ बिघडवायची नव्हती. असं कुणी वागतं का, बाई? मी त्या लायकीची होते का?

तिकडे फाटकाची घंटा वाजायला लागली. ह्या वेळी खरीच. त्यांनीही ऐकली. पदर माझ्या डोक्यावरून कधी खांद्यावर आला होता ते माझ्या लक्षात नव्हतं, त्यांच्याही आलं नसावं. त्यांनी डोळे पुसले, चहाची वाटी उचलली आणि पहिल्यांदा खांबाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, “जा माय तुम्ही आता. तुमची शाळा असंल.”

मी चपला काढल्या. ओट्यावर त्यांच्यासमोर बसले.

“शाळा असू द्या,” मी म्हणाले. “तुम्ही बोला.”